लघुव्यवसायाची आपत्तिसज्जता

पूर, भूकंप, वादळ, आग, साथरोग किंवा दीर्घकाळ वीज जाणे अशा प्रसंगांत छोट्या व्यवसायाने तग धरावा व लवकर पुन्हा सुरू व्हावे, यासाठी आधीच करून ठेवलेली तजवीज. मोठ्या उद्योगांत हेच काम ‘व्यवसाय-सातत्य व्यवस्थापन’ या नावाने चालते. त्यासाठीचे आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. चार-पाच माणसांच्या धंद्याला त्या प्रमाणपत्राची सहसा गरज नसते. त्यामागचा प्रश्न मात्र त्यालाही लागू पडतो : किती दिवस बंद राहिलो तर कायमचे बंद होऊ?

वाया गेलेल्या मालाच्या किमतीवरून याचे उत्तर मिळत नाही. माल पुन्हा भरता येतो. पण बंद काळातही भाडे, पगार आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते ते परत येईलच असे नसते. म्हणून कोणते काम पहिल्या दिवशी सुरू व्हायलाच हवे आणि कोणते महिनाभर थांबेल, हे आधी ठरवतात. वाळूची पोती आणि टॉर्च यांची यादी त्यानंतर.

संकट दारात यावेच लागते असेही नाही. २०११ मध्ये थायलंडच्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर हार्ड डिस्कची टंचाई झाली. एकाच पुरवठादारावर अवलंबून असणे हा असा दूरचा धोका. छोट्या व्यवसायात मात्र सर्वांत नाजूक दुवा बहुधा मालक स्वतःच असतो : पासवर्ड त्यालाच ठाऊक, सही त्याचीच, आणि उधारी कोणाकडे किती हे त्याच्या डोक्यात.

उधारीची वही भिजली की येणी वसूल करणे अवघड होते. नोंदींसाठी ‘तीन-दोन-एक’ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. संगणकाशेजारच्या कपाटातली पेन ड्राइव्ह त्याच आगीत जळते. जतन केलेली प्रत अधूनमधून उघडून पाहावी लागते. हे बहुतेक जण टाळतात.

विम्याबाबत गैरसमज फार. अनेक विमापत्रांत पूर व भूकंप आपोआप धरलेले नसतात. ते वेगळे घ्यावे लागतात. हप्ता वाचवण्यासाठी मालमत्ता कमी किमतीची दाखवली, तर न्यून-विम्याच्या कलमानुसार भरपाईही त्याच प्रमाणात घटू शकते : १०० ची मालमत्ता ६० ला विमित असेल, तर ५० च्या नुकसानीवर ३० च मिळतात. बंद काळातील बुडालेल्या उत्पन्नासाठी वेगळे संरक्षण असते, पण त्यासाठी बहुधा आधी जागेचे वा मालाचे प्रत्यक्ष नुकसान व्हावे लागते. कोविड साथीत हाच वाद पेटला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये काही विमापत्रांच्या विशिष्ट कलमांबाबत बव्हंशी विमाधारकांच्या बाजूने निर्णय दिला. तोवर अनेकांची दुकाने कित्येक महिने बंद राहिली होती. दाव्यासाठी मालाची यादी, बिले आणि जागेची छायाचित्रे आपत्तीपूर्वीची लागतात, आणि ती जागेबाहेर ठेवलेली असली तरच हाती राहतात.

जागेपुरती काळजी सोपी आहे. माल जमिनीपासून उंच ठेवावा, रॅक भिंतीला घट्ट बसवावेत, बाहेर पडायच्या वाटेत खोकी रचू नयेत. जनरेटर बंद खोलीत चालवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुराचे पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये.

कागदावरची योजना तपासण्याची एक बिनखर्ची पद्धत आहे. मालकाने एक दिवस फोन बंद करून गैरहजर राहायचे आणि संध्याकाळी येऊन काय काय अडले ते लिहून काढायचे. ही यादी बहुधा वाटते त्यापेक्षा लांब निघते.