अंगणातलं अनोळखी झाड काढायचंय? आधी एक पूर्ण डहाळी घेऊन या

नमस्कार,

मे महिना लागला की आमच्या रोपवाटिकेत रोज कुणीतरी विचारतं, "मागच्या अंगणात एक झाड आपोआप आलंय. कसलं आहे कळत नाही. ते काढून दुसरं काय लावू?" प्रश्न रास्त आहे. वेळ जातो तो सोबत आणलेल्या पानामुळे. खिशातून एक सुकलेलं पान निघतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो येतो. आणि बहुतेक वेळा ते पान नसतंच, पानाचा एक तुकडा असतो.

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. कडुनिंब, करंज, बहावा, महारुख या झाडांचं पान संयुक्त असतं. एका लांब देठावर दोन्ही बाजूंनी छोट्या पर्णिका येतात आणि त्या सगळ्या मिळून एक पान होतं. आपण खुडून आणतो ती पर्णिका. खरं पान ओळखायची खूण म्हणजे डोळा, म्हणजे पुढे जिथून फांदी फुटते तो बारीक कोंब. डोळा भरताना कलमवाला जो कोंब काढतो तोच. फांदीला देठ जिथे चिकटतो त्या बेचक्यात तो बारीक, फुगीर दिसतो. तिथून पुढे जेवढं आहे तेवढं एक पान. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. गुढीपाडव्याला घरात कडुनिंबाची डहाळी येते, तेव्हा मुलांना घेऊन एकदा निरखून बघा, म्हणजे कायमचं लक्षात राहील.

काही वर्षांपूर्वी नाशिकच्याच इंदिरानगरातले एक काका असंच एक पान घेऊन आले होते. गुळगुळीत, अंडाकृती, तळहाताएवढं. गर्दीच्या वेळी मी बघितलं आणि "करंज असेल" म्हणून मोकळा झालो. काकांनी झाड काढायचं ठरवलं, परवानगीचा अर्जही लिहून ठेवला. नवीन रोपासाठी जागा बघायला गेलो तेव्हा वर नजर गेली. फांद्यांत मागच्या वर्षीची हातभर लांब, नळीसारखी काळी शेंग लटकत होती. बहावा! आमच्याकडून विकत घेऊन जे लावायचं त्यांच्या मनात होतं, तेच झाड अंगणात उभं होतं. ते आजही आहे आणि दर उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी भरतं. त्या दिवसापासून एका पानावरून किंवा फोनवर आम्ही झाडाचं नाव सांगत नाही. काही ग्राहकांना हा ताठा वाटतो, पण चुकीच्या नावापायी चांगलं झाड जायला नको, एवढंच आमचं म्हणणं आहे.

नाशिकच्या अंगणांत आपोआप उगवणारी झाडं तशी ठरलेली आहेत. सगळ्यात जास्त सुबाभूळ. बारीक पिसासारखं पान, पांढऱ्या गोंड्यासारखी फुलं आणि चपट्या तपकिरी शेंगांचे झुपके. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. 1970-80 च्या दशकांत चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी ती आपल्याकडे भरपूर लावली गेली. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून शेंगा पिकण्याआधी आणि खोडक्यासकट काढावी लागते. ही काढायची असेल तर आमचा पूर्ण पाठिंबा.

दुसरा महारुख. "कडुनिंबासारखं आहे, पण पानं फार मोठी" असं कुणी म्हणालं की आम्ही ओळखतो. पान हात-दीड हात लांब, पर्णिकांच्या कडा दातेरी, आणि चुरगळल्यावर उग्र वास. झाड आपलंच, देशी. पण भराभर वाढतं, लाकूड हलकं आणि ठिसूळ, त्यामुळे घराला लागून असेल तर वादळवाऱ्यात फांदीची धास्ती. मोकळ्या जागेत मात्र राहू द्या. बकाण निंबही कडुनिंबासारखाच वाटतो, पण त्याची फुलं जांभळट असतात आणि पान दोनदा विभागलेलं, कडुनिंबाचं एकदाच. भिंतीच्या फटीत आलेले पिंपळ-उंबर ही पक्ष्यांची देणगी. ते लहान असतानाच अलगद काढून मोकळ्या जागी लावावेत.

झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी महापालिका हद्दीत ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. यासाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे. अर्ज कसा लिहायचा ते सांगू, पण परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय आमचा माणूस कुऱ्हाड लावणार नाही. कृपया आग्रह करू नये.

आता बदली झाड. "लवकर वाढणारं द्या" ही मागणी आम्ही थोडी अडवतो, कारण लवकर वाढणारं झाडच बहुतेकदा पुढे काढायची वेळ येते. कोनोकार्पस हे झपाट्याने वाढणारं विदेशी झाड आम्ही ठेवत नाही. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सप्तपर्णी सुंदर आहे, पण झोपायच्या खोलीच्या खिडकीशी नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री तिचा वास अनेकांना सोसत नाही.

जागा आठ-दहा फुटांचीच असेल तर पारिजातक, सीताफळ किंवा कढीपत्ता. पारिजातकाला ऊन हवं आणि बुडाशी पाणी साचायला नको. ते दाराजवळ लावा, सकाळी सडा अंगणात पडू दे. जागा थोडी मोठी असेल तर बहावा, कांचन, ताम्हण. ताम्हण आपलं राज्यपुष्प, पण त्याला पाणी लागतं. त्र्यंबक रस्त्याकडच्या लोकांनी खुशाल न्यावं. सिन्नरकडच्या कोरड्या, मुरमाड जागेसाठी बहावा किंवा आपटा बरा. आणि ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी बकुळ. वाढतो सावकाश, पण बारा महिने गर्द सावली देतो आणि फुलं सुकली तरी वास जात नाही. आमच्या स्वतःच्या दारात बकुळच आहे.

खड्डा मे अखेरीस तीन बाय तीन बाय तीन फुटांचा घेऊन तापू द्या. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरा. दोन चांगले पाऊस झाले की लावा. दहा फुटी झाड मागू नका. पिशवीत वर्षानुवर्षं अडकून त्याची मुळं गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती सरळ होत नाहीत. आमची रोपं कमरेएवढीच असतात आणि शेजारच्या गाड्यापेक्षा थोडी महाग, कारण मुळं वळायच्या आत आम्ही पिशवी बदलतो. रोप घेताना पिशवी सोडून मुळं दाखवायला सांगा, आम्ही दाखवू.

तर येताना वीतभर लांबीची डहाळी आणा, पानांसकट. फूल, शेंग किंवा खाली पडलेलं बी मिळालं तर तेही. ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, काळी पडते. मोबाईलमध्ये तीन फोटो: लांबून पूर्ण झाड, जवळून खोडाची साल आणि झाड घरापासून किती अंतरावर आहे ते. पान तोडल्यावर दूधट चीक आला का, वास कसा होता, हेही लक्षात ठेवा. एवढं असेल तर नाव सांगायचे पैसे नाहीत. जागेवर येऊन बघायचे 300 रुपये, रोप घेतलंत तर बिलातून वजा. सकाळी नऊच्या आत आलात तर निवांत बोलता येतं, नंतर पाणी घालायची आणि गाड्या भरायची गडबड असते.