अळंबीच्या कॅप्सूलमागचा इतिहास: पुरावा कशाचा, विक्री कशाची

कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक, तपकिरी अळंबी येते. तिला फणसोंबा म्हणतात. तान्ह्याचं तोंड आलं किंवा लाळ फार गळू लागली की सहाणेवर पाण्यात फणसोंबा उगाळायचा आणि बोटाने हिरड्यांना लावायचा, ही इकडची जुनी रीत. शास्त्रीय भाषेत तो फेलिनस गटातला; कोरियात औषध म्हणून वापरली जाणारी सांगह्वांग त्याचीच भाऊबंद. तेव्हा झाडावरची अळंबी औषधाला वापरणं आपल्याला परकं नाही.

आता औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘फंक्शनल मशरूम’ म्हणून ज्या डब्या मिळतात, त्यांवरची नावं मात्र बाहेरची आहेत: रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, टर्की टेल, चागा. प्रतिकारशक्ती वाढते, स्मरणशक्ती सुधारते, दम वाढतो, कॅन्सरवर गुण येतो, असं सांगितलं जातं. हे दावे हवेतून आलेले नाहीत. प्रत्येकामागे काहीतरी घडलेलं आहे. काय घडलं ते नीट पाहिलं की डबीकडे बघण्याची नजर बदलते.

सर्वांत जुना धागा चीनमधला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘शेन्नोंग बेन्साओ जिंग’ या औषधी ग्रंथात लिंगझीचं, म्हणजे आजच्या रेशीचं, वर्णन उत्तम दर्जाच्या, आयुष्य वाढवणाऱ्या औषधांत येतं. जाहिरातीत म्हणूनच ‘दोन हजार वर्षांचा अनुभव’ असतो. पण ही अळंबी रानात फार विरळ सापडायची. ती राजदरबारी, श्रीमंताघरी पोचायची. सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच यायची. लाकडाच्या भुशावर तिची मोठ्या प्रमाणावर लागवड जपानमध्ये १९७० च्या दशकात जमली, तेव्हा कुठे ती मुबलक झाली. म्हणजे लाखो लोकांनी ती रोज खाल्ल्याचा अनुभव जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

खरी कलाटणी टोकियोत मिळाली. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या गोरो चिहारा यांच्या गटाने शिताके अळंबीतून एक बहुशर्करा (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) वेगळी काढली आणि १९६९ मध्ये ती ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जाहीर केली. तिचं नाव लेंटिनन. गाठ रुजवलेल्या उंदरांना ती टोचली की गाठी आक्रसत. गंमत अशी की ती कॅन्सरच्या पेशींना थेट मारत नव्हती. लेंटिनन हे बीटा-ग्लुकन, म्हणजे अळंबीच्या पेशीभित्तिकेतलं द्रव्य. ते माणसाच्या शरीरात तयार होत नाही, त्यामुळे ते दिसलं की आपल्या संरक्षक पेशी ‘बुरशी घुसली’ असं समजून जाग्या होतात. त्या पेशींवरचा डेक्टिन-१ नावाचा ग्राहक रेणू बीटा-ग्लुकन ओळखतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या वाक्याचा उगम इथे आहे, आणि तो खोटा नाही. पण १९८५ मध्ये जपानने लेंटिननला मान्यता दिली ती इंजेक्शन म्हणून, जठराच्या कॅन्सरमध्ये, केमोथेरपीच्या जोडीला. शिताकेची भाजी किंवा पूड खाणं ही वेगळी गोष्ट.

तोंडाने घ्यायचं औषध झालं ते टर्की टेलपासून. झाडाच्या खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या अळंब्यांना (टर्की टेल त्यांतलीच) जपानी लोक ‘माकडाचं आसन’ म्हणतात आणि त्यांचा काढा पूर्वापार घेतात. कुरेहा या रसायन कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने १९६० च्या दशकात आपल्या कॅन्सरग्रस्त शेजाऱ्याला असा काढा घेताना पाहिलं आणि शोध सुरू झाला, असं सांगितलं जातं. त्यातून पीएसके हा अर्क निघाला आणि १९७७ मध्ये ‘क्रेस्टिन’ नावाने त्याला मान्यता मिळाली.

या साऱ्या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा क्रेस्टिनचाच आहे. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २६२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांची जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली, सगळ्यांना केमोथेरपी चालू. निम्म्यांना तिच्या जोडीला पीएसके. पाच वर्षांनी पीएसके घेणाऱ्यांत ७३ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांत ६० टक्के. हा फरक लहान नाही, आणि ‘अळंबीत काही नाही, सगळी भोंदूगिरी’ असं म्हणणाऱ्यांनी तो डोळ्यांआड करू नये.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. केमोथेरपीची औषधं सुधारत गेली आणि नव्या उपचारांच्या जोडीला या अर्कांचा किती उपयोग, हे पुन्हा तपासावं लागलं. पुढे गेलेल्या जठर-कॅन्सरच्या ३०९ रुग्णांवरच्या जपानी चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला: नव्या औषधाला लेंटिननची जोड देऊन आयुष्य वाढलं नाही. २०१७ मध्ये जपानात क्रेस्टिनची विक्रीही थांबली. ज्या देशाने या औषधांना मान्यता दिली, तिथेच ती मागे पडली, हे डबीवर छापलेलं मला अजून दिसलेलं नाही.

रेशीच्या वाट्याला एवढाही पुरावा नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने कॅन्सरमधल्या वापराचा आढावा घेतला तेव्हा हाती पाच चाचण्या आणि ३७३ रुग्ण लागले. मुख्य उपचार म्हणून रेशी देण्याला आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. केमोथेरपीच्या जोडीला थोडा लाभ दिसला, पण चाचण्यांचा दर्जा बेताचा. मधुमेहाबद्दल तर ऑस्ट्रेलियातली चाचणी आहे: ८४ जण, रोज तीन ग्रॅम, सोळा आठवडे. साखरेत फरक पडला नाही. आपल्याकडे साखळी पद्धतीने ‘गॅनोडर्मा’ (रेशीचंच शास्त्रीय नाव) विकणारे ओळखीचे लोक नेमका मधुमेहाचाच दाखला देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

लायन्स मेनची हकिगत जरा आशेची आहे. हिरोकाझू कावागिशी यांनी १९९० च्या दशकात त्यातून हेरिसेनोन आणि एरिनासिन ही द्रव्यं शोधली. चेतापेशींच्या वाढीला लागणारं एक प्रथिन या द्रव्यांमुळे प्रयोगशाळेत वाढताना दिसलं. २००९ मध्ये सौम्य विस्मरण असलेल्या ५० ते ८० वयाच्या ३० जपानी स्त्री-पुरुषांवर चाचणी झाली. सोळा आठवड्यांत बौद्धिक क्षमतेच्या परीक्षेतले गुण सुधारले, गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. तीस माणसं फार थोडी. पण इथे काम पुढे न्यावं असं मनापासून वाटतं.

कॉर्डिसेप्स म्हणजे उत्तराखंडच्या पिथौरागढ, चमोलीकडची कीडाजडी. जमिनीतल्या पतंगाच्या अळीला मारून तिच्या डोक्यातून ही बुरशी वर येते. तिची जगभर कीर्ती झाली ती १९९३ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांत. चिनी धावपटू वांग जुनशियाने १०,००० मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांत धावून जग थक्क केलं आणि प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय कासवाच्या रक्ताला आणि या बुरशीला दिलं. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधी रक्तचाचण्यांनंतर त्यांच्या सहा धावपटूंना संघातून वगळलं गेलं, आणि २०१६ मध्ये उजेडात आलेल्या एका पत्रात धावपटूंनी उत्तेजकं दिली गेल्याचं म्हटलं होतं. २००४ मध्ये सराव असलेल्या २२ सायकलपटूंना पाच आठवडे कॉर्डिसेप्स देऊन पाहिलं, तेव्हा दम वाढला नाही. तरीही ‘स्टॅमिना’ हा शब्द तिला चिकटला तो चिकटलाच.

मग एवढा बाजार कसा उभा राहिला? १९९४ मध्ये अमेरिकेत पूरक आहाराचा कायदा झाला. त्यामुळे ‘रोग बरा करते’ असं न म्हणता ‘प्रतिकारशक्तीला आधार देते’ असं लिहून, परिणाम आधी सिद्ध न करता माल विकता येऊ लागला. आपल्याकडेही २०१६ च्या नियमांनुसार हेल्थ सप्लिमेंट हे अन्न. त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहावं लागतं. ते अक्षर बारीक असतं. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात फक्त पाच लेबलाशी जुळले. काही उत्पादक धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून ते धान्यासकट दळतात. त्या पुडीत बीटा-ग्लुकन कमी आणि पिष्ट जास्त.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. चागात मूत्रपिंडात साठू शकणारं ऑक्झलेट भरपूर असतं. तिची पूड महिनोन्‌महिने घेतलेल्या एका ७२ वर्षांच्या जपानी महिलेची मूत्रपिंडं निकामी झाल्याची नोंद २०१४ ची आहे. रेशीने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर प्रश्न गंभीर होतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, तिथे ती ‘वाढवणारी’ कॅप्सूल उलटी पडू शकते. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या घरी नातेवाईक प्रेमाने डबी आणून देतात आणि डॉक्टर रागावतील म्हणून ती कपाटात मागे सरकवली जाते. तीच डबी पुढच्या तपासणीला पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.