उद्यमबागेतील कामगार कपात: नोटिशीच्या आधी काय घडते

बेळगावातील उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फौंड्र्यांत (धातू ओतून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) कपातीची नोटीस लागते तेव्हा कंत्राटी कामगार कधीच बाहेर गेलेले असतात. सुरुवात गिऱ्हाईक कंपनीचे महिन्याचे शेड्यूल, म्हणजे मागणीची ऑर्डर, घटते तिथून होते. आधी ओटी (जादा वेळेचे काम) बंद, मग तिसरी पाळी, मग कंत्राटी माणसे.

जुलै 2018 मध्ये केंद्राने अवजड वाहनांची एक्सल-लोड (आसावरच्या वजनाची) मर्यादा 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. तोच ट्रक जास्त माल नेऊ लागला आणि नव्या ट्रकची मागणी पडली. पाठोपाठ बिगर-बँक वित्तसंस्थांची कर्जे आटली. 1 एप्रिल 2020 ला गाड्यांच्या धुराचे बीएस-6 निकष लागू झाले, तेही कोरोनाच्या टाळेबंदीतच. आता प्रश्न इलेक्ट्रिक गाड्यांचा आहे. ब्रेक ड्रम, हब राहतील. इंजिनाचे सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील जातील. पहिली झळ कोअर शॉपला (ओतीव भागात पोकळी ठेवणारे वाळूचे साचे, म्हणजे कोअर, बनवणाऱ्या विभागाला) बसेल, कारण ब्लॉकच्या वॉटर जॅकेटला (थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीला) लागतात तसे कोअर ड्रमला लागतच नाहीत.

शेड्यूल निम्मे झाले म्हणून धातू वितळवणारी विजेची इंडक्शन भट्टी रोज निम्मी चालवता येत नाही. वितळलेला धातू नुसता धरून ठेवायलाही वीज जळते. म्हणून मेल्टिंग आठवड्याच्या चार दिवसांत गोळा करतात. कामगाराचे खरे नुकसान इथे होते. कपातीची भरपाई मागायला 12 महिन्यांत 240 दिवस भरावे लागतात. आठवड्याला चार दिवस धरले तर वर्षाचे 208 च होतात. रीतसर ले-ऑफचे (काम नसल्याने तात्पुरते बसवल्याचे) दिवस या 240 मध्ये धरले जातात, पण 'उद्या येऊ नको' असे तोंडी सांगून घरी बसवले तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. त्यामुळे ले-ऑफ लेखी मागावा आणि रोज ठरल्या वेळी गेटवर हजेरी लावावी. हजर न राहिल्यास ले-ऑफच्या भरपाईचा हक्क जातो. 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्या हजेरीपटावरच्या कामगाराला ही भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी मिळते. बदली कामगाराला (दुसऱ्याच्या जागी तात्पुरत्या घेतलेल्याला) मिळत नाही.

कपातीला सरकारी परवानगीची अट 1976 मध्ये 300 कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली. 1982 च्या दुरुस्तीने ती 100 वर आणली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आकडा पुन्हा 300 आहे. परवानगीची अट नसली तरी महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावाच लागतो. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (काढलेल्या कामगारांसाठीच्या निधीतून) आणखी 15 दिवसांचा पगार कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवा. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,600 असेल, तर भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 9,000, बारा वर्षांचे 1,08,000.

पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी बोलवायचे, हा नियम कायम आहे. फक्त संहितेने त्याला कपातीपासून एक वर्षाची मुदत घातली आहे. जुन्या कायद्यात ती नव्हती.