गुळण्यांनी विषाणू मरतो?

‘विषाणू चार दिवस घशातच मुक्काम करतो, मिठाच्या गुळण्या केल्या की तिथंच मरतो.’ मार्च २०२० मधला, कोरोना विषाणूबद्दलचा हा व्हॉट्सॲपवरचा निरोप घसा धरला की अजूनही डोकं वर काढतो. तो खोटा आहे. विषाणू पेशींच्या आत शिरून वाढतो. गुळणीचं पाणी वरवरच फिरतं, नाकामागं तर पोचतही नाही.

मग आजी उगाच मागं लागायची का? मुळीच नाही. पेलाभर कोमट पाण्यातलं अर्धा चमचा मीठ सुजलेल्या आवरणातलं पाणी ओढून घेतं, कफ सुटतो, गिळणं सुसह्य होतं. आराम खरा, पण तात्पुरता. (कढत पाण्यानं घसा भाजतो, एवढंच.) बहुतेक घसादुखी आठवडाभरात आपोआप जाते. ताप उतरेना, थुंकीही गिळवेना किंवा श्वास अडखळू लागला, तर डॉक्टर गाठा.