पडका जिना वेगळा, दाराला बांधलेली बंदूक वेगळी

रिकाम्या घरात कोणी विनापरवानगी शिरलं आणि जखमी झालं, हा विषय निघाला की एक जण हमखास सांगतो, "अहो तो चोर होता, चोरी करायला गेला, पडला, लागलं, आणि उलट मालकाकडूनच पैसे घेतले, काय कायदा आहे बघा". लगेच दुसरा, "माझी जागा, मी आत काहीही करून ठेवीन". दोघांचा घोळ एकच आहे आणि मला तो ऐकून ऐकून आता कंटाळा आलाय.

शिरणं चूक आहे हे सगळ्यांना माहितीये, ते सोडा. शिरल्याची शिक्षा हे एक खातं आणि दुखापतीची भरपाई हे दुसरं, एकाने दुसरं आपोआप बंद होत नाही, एवढंच.

आता ती चोराची गोष्ट. ती अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली, कॅटको विरुद्ध ब्रायनी, निकाल 1971 चा. शेतावरचं जुनं घर, कोणी राहत नव्हतं, लोक सारखे घुसून सामान न्यायचे, बोर्ड लावले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, काही उपयोग नाही. शेवटी मालकाने बेडरूममध्ये शॉटगन बांधली, दार उघडलं की चाप ओढला जाणार अशी. आत बंदूक आहे असा बोर्ड मात्र कुठेच नव्हता. कॅटको जुन्या बाटल्या उचलायला शिरला आणि पायाचा चुराडा झाला. ज्युरीने 30,000 डॉलर द्यायला लावले, त्यातले 10,000 निव्वळ अद्दल म्हणून, आणि वरच्या कोर्टाने ते कायम ठेवले. म्हणजे "पडला म्हणून पैसे मिळाले" असं काही झालेलंच नाही, त्याला गोळी घातली गेली! फक्त चाप ओढायला मालक हजर नव्हता. आणि इथे घर रिकामं असणं मालकाच्या बाजूने जाईल असं लोकांना वाटतं, ते बरोबर उलटं आहे. आत कोणी नाही म्हणजे कोणाचा जीव वाचवायचा नव्हता, राहिल्या फक्त बाटल्या, आणि बाटल्यांसाठी समोर उभं राहून जे करता येत नाही ते बंदूक बांधूनही करता येत नाही.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या केसमध्ये हेच सांगितलं. लोकांनी आपला संडास वापरू नये म्हणून एकाने तिथे उघडी तार लावून करंट सोडला, त्यात शेजारची बाई दगावली. ती परवानगीशिवाय आली होती हा बचाव चालला नाही, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304 अ (निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं) खाली शिक्षा झाली.

आता कुजलेला जिना घ्या. तो कोणी कोणाला पाडायला कुजवलेला नसतो, म्हणून इथे प्रश्न वेगळे: मालकाला धोका माहीत होता का, लोक तिथे येतात हे माहीत होतं का, आणि थोडं काही करणं त्याच्याकडून अपेक्षित होतं का. इंग्लंडच्या 1984 च्या कायद्यात साधारण हेच तीन प्रश्न आहेत. यातल्या एकाचंही उत्तर "नाही" आलं तर घुसलेल्याला छदाम मिळत नाही. 2003 मध्ये तिथे एक तरुण हरला, पोहायला मनाई असलेल्या तळ्यात त्याने सूर मारला आणि मान मोडली, धोका समोर दिसत होता, बोर्डही होता. पण हा कायदा यायच्या आधीच, तिथल्याच 1972 च्या हेरिंग्टन केसमध्ये सहा वर्षांचा मुलगा तुटक्या कुंपणातून रेल्वेच्या विजेच्या रुळावर गेला, मुलं तिथे येतात हे रेल्वेला आधीच कळलं होतं, तिथे रेल्वे हरली. म्हणजे जिन्याच्या बाबतीत मालकाला काय माहीत होतं आणि त्याच्याकडून काय अपेक्षित होतं यावर ठरतं. बंदुकीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचीच गरज नाही, लावली कोणी?

भिंतीवरच्या काचा आणि काटेरी तार मधेच आणू नका, त्या दिसतात, चढायच्या आधीच माणूस थांबतो, साधारणपणे चालतात. लपवलेलं काही असलं की गडबड.

आणि तो कॅटको मोकाट सुटला असं जे सांगतात त्यांच्यासाठी, चोरीबद्दल त्याने गुन्हा कबूल केला होता आणि 50 डॉलर दंड झाला होता.