कुहुलिन रंगमंचावर कसा आला: आयरिश पद्यनाटकाची पार्श्वभूमी

डब्लिनच्या ॲबी थिएटरचा पडदा २७ डिसेंबर १९०४ रोजी पहिल्यांदा उघडला, तेव्हा त्या रात्रीच्या खेळांत आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांचे ‘ऑन बेलीज स्ट्रँड’ हे पद्यनाटक होते. त्याचा नायक कुहुलिन हा आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताच्या वीरकथांमधला योद्धा. शतकानुशतके तोंडी चालत आलेल्या या कथा मध्ययुगात मठांमधल्या लेखनिकांनी चर्मपत्रांवर उतरवून घेतल्या, त्यांतले इ.स. ११०० च्या सुमाराचे एक हस्तलिखित ‘करड्या गाईचे पुस्तक’ या नावाने ओळखले जाते. येट्स यांना मात्र ते वाचता येणे शक्य नव्हते, कारण त्यांना आयरिश भाषा येत नव्हती. त्यांची सारी भिस्त इंग्रजीवर होती: स्टँडिश ओग्रेडी यांचा १८७८ पासून प्रसिद्ध झालेला वीरयुगाचा इतिहास, आणि त्याहून अधिक त्यांच्या सहकारी लेखिका लेडी ग्रेगरी यांनी १९०२ मध्ये काढलेले कुहुलिनकथांचे पुस्तक. लेडी ग्रेगरी स्वतः आयरिश शिकल्या होत्या आणि त्यांनी या कथा गॉलवेकडच्या शेतकऱ्यांच्या इंग्रजी बोलीच्या वळणाने सांगितल्या.

लोककथांचा स्रोत जवळचा होता, पण तोही वाटतो तितका निर्मळ नव्हता. आजोळी, स्लायगोमध्ये, येट्स यांनी लहानपणी भुताखेतांच्या आणि पऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि १८८८ मध्ये त्यांनी आयरिश लोककथांचा एक संग्रह संपादित केला. त्यात दुष्काळात आत्मे विकत घेणाऱ्या दोन व्यापाऱ्यांची एक गोष्ट होती. ‘द काउंटेस कॅथलीन’ हे पद्यनाटक तिच्यावरच उभे राहिले. उपाशी कुळांना वाचवण्यासाठी त्यातली सरदारीण स्वतःचा आत्मा सैतानाच्या दलालांना विकते. ८ मे १८९९ रोजी आयरिश लिटररी थिएटरने हे नाटक सादर केले, तेव्हा धर्माभिमानी कॅथलिकांनी गहजब केला आणि नाट्यगृहात पोलीस ठेवावे लागले. पुढे येट्स यांनीच कळवले की ही गोष्ट मुळात फ्रेंच असून आयरिश वृत्तपत्रांतून फिरत फिरत ‘लोककथा’ बनली होती. पण म्हणून नाटकाचे काही बिघडले नाही, असे मला वाटते; १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या प्रेक्षकांना ती आपलीच वाटली.

प्रेक्षकांना खऱ्या अर्थाने पेटवले ते मात्र गद्याने. २ एप्रिल १९०२ रोजी झालेले ‘कॅथलीन नी हूलिहान’ लिहिण्यात लेडी ग्रेगरी यांचा वाटा मोठा होता. आयर्लंडचे रूप असलेल्या त्यातल्या म्हातारीच्या भूमिकेत स्वातंत्र्यवादी कार्यकर्त्या मॉड गॉन उभ्या राहिल्या, आणि राष्ट्रवाद्यांनी ते नाटक डोक्यावर घेतले.

‘ऑन बेलीज स्ट्रँड’मध्ये पद्य आणि गद्य शेजारी शेजारी नांदतात. राजे आणि वीर पद्यात बोलतात, तर आंधळा आणि खुळा हे दोन भिकारी गद्यात. राजा कॉन्कोबारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेला कुहुलिन परक्या तरुणाला द्वंद्वात मारतो आणि रक्ताळलेली तलवार खुळ्याजवळच्या पिसांनी पुसतो. मेलेला आपलाच मुलगा होता, हे त्याला या दोघांच्या बडबडीतून कळते. तो वेडापिसा होऊन समुद्राच्या लाटांवर तलवार चालवू लागतो; सगळे गाव ते बघायला किनाऱ्यावर धावते, आणि आंधळा खुळ्याला घाई करतो, की घरे रिकामी आहेत, भट्ट्यांतल्या भाकरी उचलू या.

पुढच्या काळात ॲबीच्या रंगमंचावर शेतकरी जीवनाच्या वास्तववादी नाटकांचे वर्चस्व वाढले आणि येट्स यांनी तोंड दुसरीकडे वळवले. १९१३ च्या हिवाळ्यापासून त्यांच्यासोबत ससेक्समधल्या एका कॉटेजमध्ये राहणारे अमेरिकन कवी एझरा पाउंड जपानी नो नाटकांच्या (मुखवटे, गायन आणि नृत्य असलेल्या पारंपरिक नाटकांच्या) अनुवादांवर काम करत होते. त्यातून ‘ॲट द हॉक्स वेल’ घडले आणि ते २ एप्रिल १९१६ रोजी लंडनमधल्या एका दिवाणखान्यात सादर झाले. तिथे ना पडदा होता, ना नेपथ्य. लग्नातला अंतरपाट धरावा तसे वादक एक कापड उलगडतात, निळ्या कापडाचा चौकोन म्हणजे विहीर. एडमंड डुलाक यांनी मुखवटे केले आणि मिचिओ इतो यांनी विहीर राखणाऱ्या ससाणीचे नृत्य केले. अमरत्व देणाऱ्या त्या विहिरीला पाणी येते नेमके त्या क्षणी तरुण कुहुलिन ससाणीमागे धावत सुटतो. तीनच आठवड्यांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला.

या धाग्याचे एक टोक विदर्भालाही लागते. बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी १९३५-३६ च्या हिवाळ्यात येट्स यांच्यासोबत माजोर्का बेटावर उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर करत होते, आणि त्याच मुक्कामात येट्स ‘द हर्न्स एग’ हे आयरिश पुराणकथेवरचे चमत्कारिक, काहीसे चावट पद्यनाटक लिहीत होते.

जानेवारी १९३९ मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना, ते ‘द डेथ ऑफ कुहुलिन’वर अखेरचा हात फिरवत होते. त्यात १९०४ चा आंधळा पुन्हा येतो. खांबाला बांधलेल्या जखमी कुहुलिनचे अंग तो पायापासून चाचपत वर सरकतो, कारण त्याचे डोके आणून दिल्यास बारा पेनी मिळणार असतात.