टीसी आणि बग

सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावर टीसीने प्रत्येकाचं तिकीट बघायचं ठरवलं, तर एकही फुकट्या सुटणार नाही. पण गर्दी पार फलाटापर्यंत तुंबेल. लोक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमधला बग शोधतानाही हाच पेच असतो.

पावलोपावली पहारा देणारी साधनं आहेत. गूगलच्या संशोधकांनी २०१२ साली मांडलेलं ॲड्रेससॅनिटायझर मेमरीची प्रत्येक देवघेव तपासतं, पण त्यांच्याच मोजणीत त्याने प्रोग्राम सरासरी ७३ टक्के मंदावले. टेस्टिंगला हे चालतं, ग्राहकाच्या फोनवर कोण चालवून घेईल? शिवाय वेग बदलला की काही बग लपतात. दोन कामांच्या शर्यतीतून होणारी चूक, एक काम जरासं रेंगाळलं की होतच नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५च्या निबंधात अशांना ‘हायझेनबग’ म्हटलं. अंधेरीच्या एका ऑफिसात अशाच एकापायी मी दोन रात्री काढल्यात: प्रोग्राम काय करतोय ते नोंदवणारी लॉगची ओळ घातली की गायब, काढली की हजर!

टीसी काय करतो? मध्येच एखाद्याला बाजूला घेतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या बेन लिब्लिट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हीच युक्ती प्रोग्रामला लावली. शंभरातली एकच तपासणी करायची, पण नेमकी शंभरावी नव्हे. दोन तपासण्या आलटूनपालटून येत असतील, तर शंभरावी कायम त्यातली दुसरीच निघेल, पहिलीला अभय! म्हणून निवड नशिबावर सोडायची. मात्र दर वेळी नाणं उडवण्यातही वेळ जातो. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो: पुढच्या किती तपासण्या सोडायच्या, तो आकडा आधीच काढून ठेवायचा. समोरच्या टप्प्यात पाळी येणार नसेल, तर त्या टप्प्याची तपासण्या नसलेली प्रतच चालवायची.

समजा, प्रोग्राम हजारदा चालला की बग एकदा घडतो. तपासणी शंभरात एक, म्हणजे तो लाखात एकदा हाती लागणार. रोज दहा लाख वेळा चालणाऱ्या ॲपमध्ये दिवसाला दहा नोंदी झाल्या. मग प्रोग्रामच्या कोलमडलेल्या आणि सुखरूप पार पडलेल्या फेऱ्या ताडून बघायच्या. कोलमडलेल्यांतच वारंवार दिसणारी गोष्ट संशयित. संशयितच हं, गुन्हेगार ठरवायला माणूस लागतो.

क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये आज जीडब्ल्यूपी-एसॅन नावाचं साधन असंच चालतं. मेमरीचे मोजकेच तुकडे निवडून त्यांच्या शेजारी प्रवेशबंद पानं, म्हणजे मेमरीचेच हात लावायला मनाई असलेले भाग, ठेवायची. तिथे पाय पडला की प्रोग्राम जागीच थांबतो.

आमच्या सोसायटीचं ॲप मात्र रोज जेमतेम दोनशेदा उघडलं जातं. त्यातला असा बग या हिशोबाने सरासरी पाचशे दिवसांत एकदा सापडेल.